बाराच्या आधी आत शिरलेले

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



घोड्यावरचे अमेरिकन सिनेमे आणि टीव्हीवरच्या तशाच मालिका आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिल्या आहेत. भाषा कळली नाही तरी गोष्ट कळते. त्यातली एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. सरकार मोठं माळरान वाटणार असतं. हद्दीवर हजारो माणसं घोडे, गाड्या घेऊन उभी असतात. बंदुकीचा बार निघाला की सगळी उधळतात. जो आधी पोचून खुंटी ठोकील त्याची जमीन. त्यात एक लबाड असतो. तो रात्रीच आत शिरून पाण्याकाठचा चांगला तुकडा धरून बसलेला असतो. मग कोणी सरळ माणूस त्याचं बिंग फोडतो, शेरीफ त्याला धरतो आणि गरीब कुटुंबाला जमीन मिळते. तासाभरात गोष्ट संपते आणि न्यायही होऊन जातो.

ही शर्यत खोटी नाही. अमेरिकेत आज ज्याला ओक्लाहोमा राज्य म्हणतात तिथं ती झाली, आणि एकदा नाही, अनेकदा झाली. आम्ही आज ती मुळापासून सांगणार आहोत. एक तर ती कोरडवाहू जमिनीची गोष्ट आहे. त्या राज्यात पुढं कापूस आणि ज्वारी ही मोठी पिकं झाली. आणि दुसरं असं, की सिनेमात दाखवतात ती लबाडी त्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत लहान लबाडी होती. मोठी लबाडी बार निघायच्या कितीतरी आधी झाली होती, आणि तिला कोणी शेरीफ आडवा आला नाही.

शर्यत कशी झाली

तारीख २२ एप्रिल १८८९. जमीन साधारण १९ लाख एकर. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी महिनाभर आधी, २३ मार्चला, जाहीरनामा काढला होता. २२ तारखेला दुपारी बारा वाजता हद्द खुली होईल, त्याच्या आधी आत पाऊल टाकील त्याचा हक्क कायमचा गेला. एका माणसाला १६० एकर. पाच वर्षं तिथं राहायचं, जमीन वहितीला आणायची, मग ती त्याच्या नावावर. आपल्याकडं कोरडवाहू जमिनीची कमाल मर्यादा ५४ एकर आहे. त्यावरून १६० एकर म्हणजे काय याचा अंदाज करावा.

मायबहिणींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विधवा बाई किंवा २१ वर्षांवरची बिनलग्नाची बाई स्वतःच्या नावानं जमीन मागू शकत होती. नवऱ्याच्या घरी नांदणाऱ्या बाईला मात्र तो हक्क नव्हता.

आता हिशेब करू. १९ लाख एकराला १६० नं भागलं तर बारा हजाराच्या आतबाहेर तुकडे होतात. हद्दीवर जमलेली माणसं ५० हजारांच्या घरात होती. म्हणजे सगळे प्रामाणिक राहिले असते तरी चारातले तीन जण शेतजमिनीवाचून परत जाणार होते. पाच भाकऱ्या आणि वीस माणसं बसवायची, आणि धावा म्हणायचं, अशातला हा प्रकार. अशा ठिकाणी लबाडी होणार नाही तर काय होणार?

बारा वाजले, घोडदळाच्या शिपायांनी इशारा दिला आणि माणसं सुटली. कोणी घोड्यावर, कोणी गाडीत, कोणी रेल्वेत, कोणी पायी. सकाळी जिथं रेल्वेचं ठाणं आणि दोनचार घरं होती, त्या गथ्री गावात रात्री दहा हजारांच्या वर माणसं तंबू ठोकून होती. ओक्लाहोमा सिटीचीही तीच कथा.

वेळेआधी पोचलेले

पण जे पुढं पोचले त्यांना काय दिसलं? चांगल्या जागा धरलेल्या. गथ्रीला पहिली कायदेशीर आगगाडी आली तेव्हा उतरणाऱ्यांना खुंट्या ठोकलेले प्लॉट आणि उभे तंबू दिसले. ही माणसं आली कुठून? ओहोळात, झाडीत, नाल्याच्या कपारीत ती आधीच लपून बसली होती. कोणी आदल्या रात्री चांदण्यात शिरले होते, कोणी कित्येक दिवस आधी. अशा माणसाला तिथं नाव पडलं ‘सूनर’. म्हणजे वेळेच्या आधी पोचलेला. आपल्या घरच्या सुनेशी या शब्दाचा काही संबंध नाही. सून बिचारी सांगितल्या वेळेलाच येते.

त्या मुलखात एक गोष्ट अजून हसत सांगतात. एक जण घोडा फेसाळेपर्यंत पळवत आला, तर पुढं एक माणूस वावरात उभा, आणि त्याच्या वाफ्यात कांद्याची पात चांगली बोटबोट वर आलेली. हा म्हणाला, तुम्ही कधी आलात? तो म्हणाला, आत्ताच, पंधरा मिनिटं झाली. मग हे कांदे? तो म्हणाला, काय सांगू, जमीनच अशी कसदार आहे! आणखी एक सांगतात, की लपलेले लोक घोड्याच्या अंगाला साबणाचा फेस लावायचे, म्हणजे जनावर लांबून धावत आल्यासारखं दिसावं. या गोष्टी लोकांच्या तोंडच्या आहेत. पण ज्यानं कांदा लावलाय त्याला ही लबाडी समजायला साक्षीदार लागत नाही.

हुद्द्यानं आत असलेले

झाडीत लपणारा हा भुरटा लबाड. त्याच्याहून मोठा होता तो उजळ माथ्यानं आत होता. लोकांना आवरायला नेमलेले मार्शलचे हस्तक आत होते, रेल्वेचे कामगार आत होते, सरकारी कामाचे परवाने घेतलेले आत होते. यांना आत असण्याची मुभा होती, जमीन घेण्याची नव्हती. बाराच्या ठोक्याला यांनी बिल्ला खिशात घातला आणि खुंटी बाहेर काढली. हद्द राखायला जो नेमला तोच हद्दीच्या आत सगळ्यात पुढं!

याचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. स्मिथ विरुद्ध टाऊनसेंड. स्मिथ हा रेल्वेचा कामगार. रेल्वेच्या हद्दीत त्याचं राहणं होतं. बारा वाजेपर्यंत तो रेल्वेच्या पट्ट्यातच थांबला, आणि बारा वाजताच पट्ट्याबाहेर पाऊल टाकून शेजारचा तुकडा धरला. त्याचं म्हणणं, मी बाराच्या आधी आत शिरलो कुठं? मी तर नोकरीनं आतच होतो. न्यायालयानं १८९३ साली सांगितलं की कायद्याचा हेतू सगळ्यांना सारख्या रेषेवर उभं करण्याचा होता. तू रेषेच्या आत होतास म्हणून तुला जमीन नाही.

निकाल चांगला लागला. सिनेमातला शेरीफ यापेक्षा वेगळं काय करतो? पण शर्यतीपासून निकालापर्यंत चार वर्षं गेली. वॉशिंग्टनपर्यंत लढण्याची ऐपत किती जणांची होती? आणि जिथं रेल्वेचा शिक्का नव्हता, नुसती झाडी होती, तिथं तर सगळा मामला साक्षीवर. मी बाराला हद्दीवर होतो हे कोण सांगणार? टोळ्या ठरल्या होत्या. तू माझी साक्ष दे, मी तुझी देतो. खोट्या शपथांचे खटले झाले. एका तुकड्यावर दोन दोन, तीन तीन दावेदार. त्या काळात तिथं पीक आलं की नाही ते असो, वकिलांचं बरं पिकलं. आपल्या गावात धुऱ्याचे वाद तीन तीन पिढ्या चालतात. म्हणून हे आम्ही जास्त फोडून सांगत नाही.

काही वाद कोर्टापर्यंतही गेले नाहीत. विल्यम काऊच हा शर्यतीच्या आधीची कितीतरी वर्षं ही जमीन खुली करा म्हणून माणसं घेऊन आत घुसणाऱ्यांचा पुढारी. सैन्यानं त्याला अनेकदा बाहेर काढलं होतं. शर्यतीच्या वेळी तो रेल्वेच्या कामाच्या निमित्तानं आतच होता. ओक्लाहोमा सिटीचा तो पहिला हंगामी महापौर झाला. आणि १८९० च्या एप्रिलमध्ये जमिनीच्याच भांडणात गोळी लागून मेला.

जमीन कोणाची होती?

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. सिनेमा तो विचारत नाही. सरकारनं वाटलेली ही जमीन सरकारकडं आली कुठून?

मस्कोगी, ज्यांना क्रीक म्हणतात, आणि सेमिनोल हे तिथले आदिवासी समाज. ते मूळचे अलाबामा, जॉर्जिया, फ्लोरिडाकडचे. १८३० नंतर त्यांना तिथून उठवून पश्चिमेला आणलं. त्यांच्या जुन्या जमिनीवर गोऱ्या मळेवाल्यांना कापूस लावायचा होता. नवा मुलूख करारानं त्यांना कायमचा दिला. पुढं १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली. या समाजातल्या काही पुढाऱ्यांनी हरलेल्या दक्षिणेशी करार केला होता. तेवढं निमित्त धरून १८६६ साली सरकारनं नवे करार करवून घेतले. क्रीकांनी पश्चिमेकडची अर्धी जमीन एकरी ३० सेंटनं द्यायची. सेमिनोलांनी आपली सगळी जमीन एकरी १५ सेंटनं द्यायची, आणि राहायला दोन लाख एकर सरकारकडूनच विकत घ्यायची, एकरी ५० सेंटनं. विकताना १५, घेताना ५०. बाजार समितीच्या आवारात उभं राहिलेल्याला हा हिशेब नवा वाटणार नाही.

त्या कराराची अट होती की ही जमीन दुसऱ्या आदिवासींना आणि मोकळ्या झालेल्या गुलामांना वसवण्यासाठी आहे. मधला तुकडा कोणालाच दिला नाही, आणि मग तो ‘रिकामा’ आहे अशी ओरड सुरू झाली. रेल्वे कंपन्यांना रुळाच्या कडेला वस्ती हवी होती. १८८९ साली सरकारनं क्रीक आणि सेमिनोलांना आणखी पैसे देऊन ती अट काढून टाकली आणि शर्यतीची तारीख लावली. तेव्हा भावांनो, रात्री झाडीत शिरणारा बाराच्या आधी शिरला होता, पण सरकार त्याच्याही आधी तेवीस वर्षं शिरलं होतं.

गिऱ्हाईक बंद करण्याची युक्ती

शेजारी चेरोकी समाजाचा ६० लाख एकरांहून मोठा गवताळ पट्टा होता. गुरं पाळणाऱ्यांच्या एका संघानं तो चराईसाठी भाड्यानं घेतला होता. आधी वर्षाला एक लाख डॉलर, पुढं दोन लाख. चेरोकी म्हणत, आम्हाला विकायची गरज काय? मग १८९० च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढला की या पट्ट्यात कोणी गुरं चारायची नाहीत. भाडं बंद. दुसरं गिऱ्हाईक नाही. शेवटी चेरोकींनी तो पट्टा सरकारला साधारण ८५ लाख डॉलरला दिला. एकरी दीड डॉलरसुद्धा पडला नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाला वेशीबाहेर अडवायचं आणि मग आपल्या भावानं माल घ्यायचा, हे कापूस पिकवणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

त्या पट्ट्याची शर्यत १६ सप्टेंबर १८९३ ला झाली. आता लाखभर माणसं. आधीच्या लबाडीवर उपाय म्हणून सरकारनं हद्दीवर नोंदणीची ठाणी घातली. नाव नोंदवा, चिठ्ठी घ्या, चिठ्ठी असेल तोच धावेल. उन्हात, धुळीत दिवसदिवस रांगा लागल्या. आणि तरीही वेळेआधी शिरणारे शिरलेच. कागद एक वाढला, लबाडी कमी झाली नाही. १९९२ सालच्या ‘फार अँड अवे’ या सिनेमात दाखवली आहे ती हीच शर्यत.

चिठ्ठ्या सरळ निघाल्या, सह्यांचं काय?

मग १९०१ साली सरकारनं शर्यतच सोडून दिली आणि चिठ्ठ्या टाकल्या. तुकडे १३ हजार, नावं दीड लाखाच्या वर. घोडा नको, झाडी नको, खोटी साक्ष नको. पेटीत हात घालायचा आणि पाकीट काढायचं. यापेक्षा सरळ काय असणार?

पण ही जमीन कायोवा, कोमांची आणि अपाची समाजांची होती. त्यांच्याशी १८६७ साली झालेल्या करारात स्पष्ट लिहिलं होतं की समाजातल्या मोठ्या पुरुषांपैकी तीन चतुर्थांश जणांच्या सह्या असल्याशिवाय जमीन घेता येणार नाही. १८९२ साली सरकारची माणसं सह्या घेऊन गेली. कायोवांचा पुढारी लोन वुल्फ म्हणाला, सह्या पुरेशा नाहीत, आणि आमच्या लोकांना मजकूर नीट समजावून सांगितलेला नाही. तो कोर्टात गेला. १९०३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सह्या पुरत्या होत्या की नव्हत्या यात आम्ही पडत नाही, संसदेला वाटलं तर ती असा करार मोडू शकते. तोवर चिठ्ठ्या निघून दीड वर्ष होत आलं होतं, आणि लोक नांगरटीला लागले होते.

वाटप अगदी सरळ असू शकतं आणि तरी वाटलेला माल चोरीचा असू शकतो. हे आजच्या भाषणातलं एकच वाक्य घरी घेऊन गेलात तरी चालेल. रांग सरळ आहे का, एवढंच आपण पाहतो. रांगेच्या टोकाला जे वाटलं जातंय त्याचा सातबारा कोणी मागत नाही.

जिंकले त्यांचं काय झालं

धावलेले सगळे काही चोर नव्हते. बहुतेक तुमच्याआमच्यासारखी, कर्जानं किंवा कुळकायनं पिचलेली माणसं होती. त्यांच्या हाती काय राहिलं ते पाहा. सुरुवातीलाच, १८९० साली, दुष्काळ पडला. पाऊस बेभरवशाचा म्हणून पश्चिमेकडं ज्वारी धरली, दक्षिणेकडं कापूस वाढला. जमीन फुकट होती, पण बियाणं, अवजार, किराणा उधारीवर. उधारी पिकावर, आणि पिकाचा भाव दुसऱ्याच्या हातात. जमीन एकेकाच्या हातून निसटत गेली. ओक्लाहोमा १९०७ साली राज्य झालं. १९१० साली तिथले निम्म्याहून जास्त शेतकरी दुसऱ्याच्या जमिनीवर कूळ होते. १९३५ च्या सुमाराला शंभरातले साठाहून जास्त. ज्या मुलखात जमीन फुकट मिळाली म्हणून सिनेमे निघाले, तिथं एका पिढीत ही स्थिती. मग कोरडी वर्षं आली, धुळीची वादळं आली, आणि हजारो कुटुंबं सामान बांधून कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागली.

आदिवासींकडचा हिशेब याहून कडू आहे. १८८७ साली कायदा झाला की समाजाची सामाईक जमीन माणशी तुकडे करून वाटायची आणि उरलेली ‘जादा’ म्हणून खुली करायची. त्या वर्षी सगळ्या अमेरिकेत आदिवासींकडं १३ कोटी ८० लाख एकर होती. १९३४ साली राहिली ४ कोटी ८० लाख.

आणि ‘सूनर’ या शब्दाचं काय झालं? शिवी होती ती पदवी झाली. ओक्लाहोमाला आज सूनरांचं राज्य म्हणतात. तिथल्या विद्यापीठाचे फुटबॉलचे खेळाडू अभिमानानं स्वतःला सूनर म्हणवतात. शर्यतीवरच्या ‘सिमारॉन’ सिनेमाला त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपटाचा ऑस्कर मिळाला. तो सिनेमा १९३१ चा. म्हणजे पडद्यावर घोडे धावत होते तेव्हा खऱ्या रानात शेतकरी जमीन सोडायच्या तयारीत होता. पोट भरलेल्या माणसाची चोरी दोन पिढ्यांत हुशारी म्हणून सांगितली जाते, हा जगाचा अनुभव आहे.

कागद जपणारे

पण गोष्ट इथं संपत नाही. क्रीक लोकांतला चिट्टो हार्जो नावाचा एक म्हातारा १९०६ साली टल्सा गावी अमेरिकन संसदेच्या समितीपुढं उभा राहिला. त्यानं कोणता करार केव्हा झाला, सरकारनं काय शब्द दिला, ते ओळीनं सांगितलं. त्या वेळी त्याचं कोणी ऐकलं नाही. जमीन वाटून झाली. पण त्या समाजानं आपले करार विसरू दिले नाहीत. २०२० च्या जुलैत, मॅकगर्ट खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की १८६६ नंतर उरलेला क्रीकांचा मुलूख मोडल्याचं संसदेनं कधीच म्हटलेलं नाही, तेव्हा गुन्ह्यांच्या कायद्यापुरता तो आजही त्यांचाच मुलूख आहे. यानं कोणाची शेतजमीन परत मिळाली नाही, आणि १८८९ च्या शर्यतीची जमीन त्यात येत नाही. तरीपण शंभरावर वर्षांनी तो जुना कागद बोलला, कारण कोणीतरी तो जपला होता.

तेव्हा आमचं सांगणं एवढंच. कुठंही जमिनीचं, पाण्याचं, कशाचंही वाटप जाहीर झालं की नुसते धावायला सज्ज होऊ नका. आधी चार प्रश्न विचारा. माल किती आणि मागणारे किती? तारीख लागायच्या आधी आत कोण आहे, आणि कोणत्या बिल्ल्यावर? दुसरं गिऱ्हाईक कोणी बंद केलं? आणि जे वाटतात ते आधी कोणाचं होतं, त्याच्या सह्या कशा घेतल्या? चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कारण आज दुसऱ्याच्या सह्या तपासल्या नाहीत, तर उद्या आपल्या तपासायला कोणी येणार नाही.

आणि स्वतःच्या घरचे कागद, मोजणीचे नकाशे, फेरफार, जुने उतारे, ट्रंकेत वाळवी लागू देऊ नका. पोराबाळांना ते वाचून दाखवा.

एवढं बोलून आम्ही थांबतो.